देव न मानणाऱ्या घरातला अर्जदार आणि धर्माच्या पायावर उभी संस्था

आजचा विषय ऐकायला जरा परदेशी वाटतो. पण त्याची काही उदाहरणं आपल्याला झिरो माईलपासून दीड-दोन तासांच्या आत सापडतात, म्हणून आम्ही तो नागपुरातच मांडायचं ठरवलं.

प्रश्न असा आहे. समजा, एक मुलगी आहे. घरात देव्हारा नाही, उपास नाहीत. आईवडील सणाला गोडधोड करतात, पण पूजा करत नाहीत. मुलगी बारावीला आहे आणि तिला ज्या संस्थेत शिकायचंय, ती एखाद्या धर्मसंस्थेने किंवा धर्मनिष्ठ माणसांनी काढलेली आहे. अर्जात एक प्रश्न येतो: आमच्या संस्थेची मूल्यं तुम्हाला का जवळची वाटतात? किंवा मुलाखतीत समोरचे फादर, मौलाना, स्वामीजी किंवा खादीतले आजोबा हसून विचारतात, "बेटा, इथेच का यायचंय?"

आता तिच्यापुढे दोनच वाटा आहेत असं तिला वाटतं. एक, श्रद्धेचं सोंग घ्यायचं. दुसरी, खरं सांगायचं आणि जागा गमवायची. आजचं आमचं सगळं बोलणं तिसऱ्या वाटेबद्दल आहे. ती वाट युक्तीची नाही, समजून घेण्याची आहे.

आधी शब्द नीट करू

'सेक्युलर' या शब्दाला मराठीत आपण तीन-चार शब्द वापरतो आणि ते एकमेकांत मिसळतो. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जो शब्द आला, तो मराठीत 'धर्मनिरपेक्ष' असा आहे. तो राज्याबद्दल बोलतो. राज्य कुठल्या एका धर्माचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'इहवादी' म्हणजे या जगातल्या प्रश्नांची उत्तरं याच जगात शोधणारा. 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा. आणि 'निधर्मी' हा शब्द तर बऱ्याचदा टोमणा म्हणूनच येतो.

हे का सांगतोय? कारण अर्ज लिहिणाऱ्या मुलाने आधी स्वतःला विचारायला हवं की आपण यातले नेमके कोण? काही मुलं नास्तिक असतात. काहींना देवाबद्दल नक्की काही ठरवता आलेलं नसतं. काही श्रद्धाळू असतात, पण संस्थेच्या धर्माचे नसतात. या तिघांची उत्तरं सारखी नसतात. स्वतःचं ठिकाण माहीत नसेल, तर दुसऱ्याच्या घराशी नातं कसं जोडणार?

धर्म संस्थेत किती खोल आहे?

आम्ही अशा संस्थांचे तीन थर करतो. हे आमचं वर्गीकरण आहे, कायद्याचं नव्हे. पण उपयोगी पडतं.

पहिला थर: धर्म इतिहासात आहे. आपलं हिस्लॉप कॉलेज घ्या. १८८३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं. नाव दिलं ते स्टीफन हिस्लॉप यांचं. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते धर्मप्रचारासाठीच, यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यांनी आणखी काय केलं बघा. शाळा काढली. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर या भागातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. 'हिस्लोपाइट' नावाचं खनिज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. गोंड समाजाची भाषा, गाणी, चालीरीती ऐकून टिपून ठेवल्या. त्यांची ती टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. मृत्यू तरी कसा? १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीत बुडाले.

आता भूगर्भशास्त्र शिकू पाहणाऱ्या नास्तिक मुलीला या माणसाशी नातं जोडायला बायबलवर श्रद्धा लागते का? नाही. ज्या प्रदेशात राहायला आलो, तिथला दगड आणि तिथला माणूस दोन्ही निरखून बघायचे, हे मूल्य तिचं असू शकतं. आणि त्याच वेळी, धर्मांतराचा उद्देश मला पटत नाही, असंही ती म्हणू शकते. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येऊ शकतात.

दुसरा थर: धर्म किंवा तत्त्व रोजच्या वागण्यात आहे. यासाठी वर्ध्याकडे चला. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलं. हे काही धर्मपीठ नाही. पण इथे विद्यार्थ्याकडून खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना, व्यसनापासून दूर राहणं यांची अपेक्षा असते. नवीन विद्यार्थ्यांचं आश्रमात शिबिर होतं, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. नीट येण्यापूर्वी या संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात जीवशास्त्र-रसायनशास्त्राबरोबर गांधीविचाराचा वेगळा पेपर असायचा. किती मुलांनी तो पेपर पाठ करून दिला असेल आणि किती मुलांना वाचता वाचता त्यात खरंच काही सापडलं असेल, याचा विचार करून बघा.

याच थरात परदेशातलं एक टोकाचं उदाहरण येतं. अमेरिकेत युटा राज्यातलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ मॉर्मन चर्चचं आहे. चर्चबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ते घेतं. पण आचारसंहितेवर सही करावी लागते, धर्मगुरूची शिफारस लागते, फीही जास्त पडते. दारू-तंबाखू तर सोडाच, चहा आणि कॉफीही चालत नाही. (हशा.) हसू नका, नागपूरच्या माणसाने हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. चार वर्षं टपरीविना!

तिसरा थर: धर्म हाच अभ्यास आहे. आपल्या सेमिनरी हिल्सवर जिथे पाद्री घडवले जातात, किंवा एखादा मदरसा, वेदपाठशाळा, भिक्खू-प्रशिक्षण केंद्र. तिथे श्रद्धा ही प्रवेशाची अट असणं स्वाभाविक आहे. इथे नास्तिक अर्जदाराने 'मूल्यांशी नातं' जोडत बसू नये.

म्हणजे पहिलं काम हे की आपली संस्था कुठल्या थरात बसते ते शोधायचं. आणि ते माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरून कळत नाही. नियमावली वाचा. वसतिगृहाचे नियम वाचा. प्रार्थना ऐच्छिक आहे की सक्तीची? धर्माचा किंवा मूल्यशिक्षणाचा तास आहे का आणि त्याचे गुण धरतात का? तिथे शिकून बाहेर पडलेल्या, त्या धर्माच्या नसलेल्या दोन माणसांशी बोला. अर्ज लिहायच्या आधी हे झालं पाहिजे.

कायदा काय म्हणतो

आता भारतातल्या संस्थांपुरतं बोलू. संविधानाचा अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. म्हणजे संस्थेला आपलं वेगळेपण जपायचा हक्क आहे, ती काही मेहेरबानी नाही.

पण त्याच्या दोनच घरं अलीकडे अनुच्छेद २८ आहे. त्याचं तिसरं कलम विद्यार्थ्याच्या बाजूचं आहे. राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत, विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली असतात, म्हणून पालकांनीही हे लक्षात ठेवावं.

प्रवेशाचं म्हणाल, तर सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थेला मुलाखतीसह स्वतःची प्रवेशपद्धत ठेवायची मुभा दिली होती. पुढे पात्रता परीक्षा आल्या. २०२० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे. थोडक्यात, आपल्याकडे बऱ्याच अभ्यासक्रमांत आता प्रवेश गुणांवर ठरतो. मूल्यांची गाठ पडते ती प्रवेश झाल्यावर. परदेशी विद्यापीठांत आणि आपल्याकडच्या मुलाखत घेणाऱ्या संस्थांत मात्र ती दारातच पडते.

एक लक्षात घ्या. कायदा तुम्हाला सक्तीपासून वाचवतो. नातं जोडून देत नाही. ते काम आपलं.

सेवाग्रामला आलेला नास्तिक

इथे आम्हाला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण आजच्या विषयाचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

गोपाराजू रामचंद्र राव, ज्यांना सगळे 'गोरा' म्हणत. आंध्रातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि जाहीर नास्तिक. अस्पृश्यता निवारणाचं काम करायचे आणि त्यांचं म्हणणं होतं की देव आणि दैव यांच्यावरचा विश्वास गेला, तरच माणूस माणसाला बरोबरीने वागवेल. हे गोरा १९४४ च्या सुमारास सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. कुठे गेले बघा! जिथे दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होतो, तिथे.

त्यांनी आपली नास्तिकता झाकली नाही. गांधीजींनी ती खोडून काढायची घाई केली नाही. दोघांनी बोलणं सुरू ठेवलं आणि बोलण्याचा विषय काय होता? देव आहे की नाही, हा कमी आणि काम काय चाललंय, हा जास्त. गांधीजी तोवर 'ईश्वर सत्य आहे' इथून 'सत्य हाच ईश्वर आहे' इथपर्यंत आलेले होते. गोरांना सत्य हा शब्द चालत होता. तिथे दोघांना उभं राहायला एक सामाईक ओटा मिळाला.

पुढे गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरलं. ते आश्रमात लावायचं असं ठरलं. नास्तिकाच्या घरचं लग्न, देवाच्या नावाने शपथ कशी घ्यायची? गांधीजींनी मान्य केलं की विधीत देवाच्या जागी सत्य हा शब्द ठेवू. लग्नाआधीच गांधीजींची हत्या झाली. तरी ते लग्न १९४८ मध्ये सेवाग्रामलाच लागलं. या सगळ्या अनुभवावर गोरांनी पुढे पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच एका नास्तिकाचा गांधींबरोबरचा सहवास आहे.

यात आपल्या अर्जदार मुलीसाठी काय आहे? तीन गोष्टी. गोरांनी आपलं मत सांगितलं, पण समोरच्याचा अपमान केला नाही. त्यांनी हातात काम घेऊन बोलणं केलं, नुसतं मत घेऊन नव्हे. आणि बदल दोन्ही बाजूंनी झाला: एक जण आश्रमात आला, दुसऱ्याने विधीतला शब्द बदलला.

आश्रमाची अकरा व्रतं काढून बघा. सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह, शरीरश्रम, अस्वाद, अभय, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी, अस्पृश्यता न मानणं. यातल्या कितींना देव लागतो? एकालाही थेट लागत नाही. ब्रह्मचर्य किंवा अस्वाद आजच्या मुलांना पटणार नाही, ते सोडून देऊ. पण शरीरश्रम? अभय? एखादं तरी व्रत असं असतं की वाचताना वाटतं, अरे, हे तर आपल्या आजीचंच बोलणं.

मग लिहायचं कसं?

पहिली पायरी: संस्थेचं एकच मूल्य निवडा. यादी नको. 'सेवा, सत्य, करुणा, शिस्त ही सगळी मूल्यं मला आवडतात' हे वाक्य कुठल्याही संस्थेला लावता येतं, म्हणून ते कुठल्याच संस्थेचं नसतं.

दुसरी: ते मूल्य त्यांच्या भाषेत समजून घ्या. जेझुइट संस्था, म्हणजे मुंबईचं सेंट झेवियर्स किंवा अमेरिकेतलं १७८९ चं जॉर्जटाउन, 'क्युरा पर्सोनालिस' असा लॅटिन शब्दप्रयोग वापरतात. अर्थ, पूर्ण माणसाची काळजी. विद्यार्थी म्हणजे फक्त गुणपत्रिका नव्हे, हे त्यात येतं.

तिसरी: आपल्या आयुष्यातली एक घडलेली गोष्ट शोधा, जिथे आपण ते मूल्य जगलो किंवा जवळून पाहिलं.

चौथी: जिथे फरक आहे, तो एका वाक्यात, शांतपणे सांगा.

आता उदाहरण देतो. एक मुलगी असं लिहिते: "मला लहानपणापासून येशूच्या शिकवणुकीची ओढ आहे आणि आपल्या पवित्र वातावरणात माझा सर्वांगीण विकास होईल." वाचणाऱ्याने अशी शेकडो पत्रं वाचलेली असतात. शिवाय हे खोटं आहे.

दुसरी लिहिते: "आमच्या घरी कुणी देव मानत नाही, मीही नाही. आजोबा आजारी असताना मी सरकारी दवाखान्यात त्यांच्याजवळ तीन रात्री बसले. सगळे त्यांचे रिपोर्ट बघत होते. एका सिस्टरने फक्त विचारलं की आजोबांना जेवायला काय आवडतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा जेवले. पूर्ण माणसाची काळजी हे तुमच्या माहितीपत्रकात वाचलं, तेव्हा मला ती सिस्टर आठवली. तुम्ही हे श्रद्धेतून करता. मला ते श्रद्धेशिवाय शिकायचं आहे आणि ज्यांना ते श्रद्धेतून जमतं, त्यांच्या शेजारी बसून शिकायचं आहे."

दुसरी मुलगी काही लपवत नाही, वाद घालत नाही आणि खुशामतही करत नाही. हे पत्र वाचून प्रवेश मिळेलच याची हमी आम्ही देत नाही. पण नाकारली गेली तर ती खरी मुलगी नाकारली जाईल आणि घेतली गेली तरी खरीच घेतली जाईल. सोंगाला प्रवेश मिळाला, तर चार वर्षं सोंगालाच हजेरी लावावी लागते.

दोन प्रश्न

एका पालकांनी चिठ्ठी पाठवलीय: "सर, सगळेच थोडंफार वाढवून लिहितात. खोटं लिहिलं तर तपासतंय कोण?"

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, बहुतेक वेळा कुणी तपासत नाही. पण मुलाखतीतला दुसरा प्रश्न तपासतो. "ओढ आहे म्हणालीस, तर त्यातलं काय वाचलंस?" तिथे मुलं घामाघूम होतात. आणि समजा तिथूनही सुटली, तरी अठराव्या वर्षी आपण मुलाला काय शिकवलं? की मोठ्या दारातून आत जायचं असेल, तर स्वतःला बाहेर ठेवायचं. आमच्या मते ही फी फार मोठी आहे.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: "प्रवेश घेतला. आता प्रार्थनेच्या वेळी मी काय करू?"

यासाठी १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आठवा. केरळमधली यहोवा साक्षीदार पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे मुलं श्रद्धाळू होती आणि गीत देशाचं होतं. तुझं नेमकं उलट आहे. पण रीत तीच घेता येईल: आदराने उभं राहायचं आणि जे मनात नाही ते तोंडाने म्हणायचं नाही. दुसऱ्यांची प्रार्थना चालू असताना मोबाईल बघणं म्हणजे काही विवेकवाद नव्हे. आणि उभं राहणंही जमणार नसेल, तर वर्गशिक्षकांना आधी भेटून सांग. ऐन वेळी तमाशा नको.

शेवटचं

संस्थांबद्दलही एक वाक्य बोललं पाहिजे, कारण आतापर्यंत सगळं ओझं आपण मुलीच्याच डोक्यावर दिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला जे महाविद्यालय काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. नागसेन हा भिक्खू, उत्तर देणारा. धर्माचा एवढा मोठा वारसा असताना कॉलेजला नाव दिलं ते शंका काढणाऱ्याचं! ज्या नागपुरात १९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली, त्या गावाने हे विसरू नये.

त्या संवादात सुरुवातीलाच नागसेन एक अट घालतो. बोलायचं तर पंडितांसारखं बोलू, राजांसारखं नको. पंडितांच्या वादात चूक दाखवली तरी कुणी रागवत नाही. राजाला मात्र विरोध केला, की शिक्षा होते. राजा ती अट मान्य करतो.

प्रवेशाच्या टेबलावर संस्था राजा असते आणि मुलगी रिकाम्या हाताने बसलेली असते. म्हणून ही अट पाळायची पहिली जबाबदारी संस्थेची. "मी देव मानत नाही" हे ऐकून ज्या टेबलावरचे चेहरे पडतात, ती संस्था आपल्या मूल्यांवर किती विश्वास ठेवते, हा प्रश्न मुलीने मनातल्या मनात नोंदवून ठेवावा. आणि जिथे ते ऐकून पुढचा प्रश्न येतो, "मग तू काय मानतेस?", तिथे खुशाल अर्ज करावा.

या प्रश्नाचं उत्तर मात्र तयार ठेवा. 'काहीच नाही' हे उत्तर नाही.